कार्ड काढून नव्या स्विचमध्ये घातले, की काम संपते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे दोन प्रकारचे नेटवर्क स्विच आहेत. एक म्हणजे रॅकमधले मोठे चेसिसचे स्विच, ज्यांच्या सुपरव्हायझर मॉड्यूलवर (सगळा स्विच चालवणाऱ्या मुख्य भागावर) कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डासाठी खाच असते. आणि दुसरे म्हणजे यंत्रांच्या पॅनेलमध्ये डिन रेलवर, म्हणजे उपकरणे अडकवण्याच्या धातूच्या पट्टीवर, बसवलेले लहान औद्योगिक स्विच, ज्यांना एसडी कार्ड लागते. प्रत्येक स्विचच्या कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज (सुरू होताना चढणारी फाइल) आणि कॉन्फिगरेशन (स्विचच्या साऱ्या मांडणीच्या ओळी) दोन्ही ठेवावे, म्हणजे स्विच बंद पडल्यावर रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने कार्ड काढून नव्या स्विचमध्ये घातले की काम झाले, अशी त्यांची योजना आहे. हे जमेल का, आणि फसलेच तर कोठे फसेल, असे त्यांनी विचारले आहे.

जमते, आणि लहान औद्योगिक स्विचांच्या बाबतीत तर उत्तम जमते. मात्र "कार्डावर सगळे आहे" असे जेव्हा कोणी मला सांगतो, तेव्हा मी पहिल्यांदा विचारतो की सगळे म्हणजे काय काय. स्विचचा संसार एका जागी नसतो. इमेज एका फाइल सिस्टिमवर असते, कोणती इमेज उचलायची हे सांगणारे बूट व्हेरिएबल दुसरीकडे, सुरू होताना वाचले जाणारे स्टार्टअप कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत) किंवा एनव्हीरॅमची बतावणी करणाऱ्या एखाद्या फाइलमध्ये, व्हीलॅनचा (स्विचमध्ये आखलेल्या आभासी नेटवर्कांचा) डेटाबेस आणखी वेगळ्या फाइलमध्ये आणि एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीच्या) खासगी किल्ल्या अशा जागी, जिथे साधी कॉपीची आज्ञा पोहोचतच नाही. यांतले कार्डावर काय येते आणि खोक्यातच काय राहते, हे मालिकेगणिक बदलते. म्हणून बूट होणे आणि कॉन्फिगर होणे या दोन गोष्टी मी वेगळ्या घेतो. त्या एकच समजल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

आधी बूट. जुन्या सुपरव्हायझरांवर, उदाहरणार्थ सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० च्या सुपरव्हायझर २ वर, पीसीएमसीआयए या जुन्या प्रकारच्या कार्डखाचेत लिनिअर फ्लॅश कार्ड बसत असे आणि त्याची क्षमता १६ किंवा २४ मेगाबाइट असे. या कार्डावर फाइल पुसली, तरी ती केवळ पुसल्याची खूण होते. जागा मोकळी होण्यासाठी स्क्वीझ ही आज्ञा द्यावी लागते, तिला काही मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत वीज गेली तर कार्डावरचे सारेच धोक्यात येते. पुढे सुपरव्हायझर ७२० वर डिस्क शून्य आणि डिस्क एक अशा दोन खाचा आल्या आणि त्यांत कॉम्पॅक्ट फ्लॅश बसू लागले. कॉम्पॅक्ट फ्लॅश हे यंत्राला एखाद्या लहान आयडीई हार्ड डिस्कसारखे दिसते, त्यावर लॅपटॉपलाही समजणारी फॅट फाइल सिस्टिम असते, पुसलेल्या फाइलची जागा लगेच मोकळी होते आणि स्क्वीझची गरज उरत नाही. जुन्या कपाटात एकाच आकाराची दोन पीसीएमसीआयए कार्डे सापडली, तर ती एकाच जातीची असतील असे धरून चालू नये. लिनिअर कार्ड ज्या यंत्रावर फॉरमॅट केले, त्याखेरीज दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर ते वाचले जाईलच असे नाही, आणि लॅपटॉपवर तर बहुधा नाहीच.

फॅट असल्यामुळे कार्ड लॅपटॉपला लावून फॉरमॅट करावे आणि इमेज ओढून टाकावी, असा मोह होतो. तो टाळावा, आणि त्यामागे ठोस कारण आहे. सिस्कोच्या अनेक जुन्या यंत्रांवर कार्ड यंत्रातूनच फॉरमॅट केले, की कार्डाच्या सुरुवातीच्या भागात मॉनलिब नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला जातो. ऑपरेटिंग सिस्टिम चढण्यापूर्वी काम करणाऱ्या रॉम मॉनिटरला फॅट समजत नसते; मॉनलिबच्या आधारावर तो कार्डावरची फाइल शोधतो. लॅपटॉपवर फॉरमॅट केलेल्या कार्डावर मॉनलिब नसते. परिणाम मोठा फसवा असतो. स्विच चालू असताना कार्ड घातले, तर डिरेक्टरी नीट दिसते, फाइलचा आकार बरोबर दिसतो, एमडी५ (फाइल जशीच्या तशी आहे का हे सांगणारा आकडा) सुद्धा जुळतो. कारण त्या वेळी कार्ड वाचणारी ऑपरेटिंग सिस्टिम असते. रीलोड (स्विच पुन्हा सुरू करण्याची आज्ञा) दिल्यावर मात्र रॉम मॉनिटर त्याच कार्डाला ओळख दाखवत नाही. कार्ड वाचता येणे आणि कार्डावरून बूट होणे, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. नव्या यंत्रांच्या बूट लोडरला फॅट थेट समजते, पण सवय म्हणून मी आजही कार्ड ज्या यंत्रात राहणार त्याच यंत्रात फॉरमॅट करतो आणि मगच त्यावर इमेज चढवतो. चेसिसवर 'शो डिस्क शून्य ऑल' ही आज्ञा दिली, तर मॉनलिब आहे की नाही ते दिसते.

दुसरी अडचण बूट सिस्टिमच्या, म्हणजे कोणती इमेज चढवायची हे सांगणाऱ्या, ओळींची. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका मोठ्या चेसिसवर नवी इमेज कार्डावर चढवली, एमडी५ पडताळला, बूट सिस्टिमची ओळ लिहिली, कॉन्फिगरेशन साठवले आणि मध्यरात्री रीलोड दिला. स्विच उठला तो जुन्याच इमेजवर. पुन्हा रीलोड दिला, पुन्हा तेच. कार्ड खराब असेल म्हणून दुसरे कार्ड काढले, त्यावर इमेज चढवण्यात आणखी वेळ गेला. शेवटी 'शो बूटव्हार' नीट वाचले, तेव्हा अर्धविरामाने जोडलेल्या दोन फाइली दिसल्या: पहिली जुनी, दुसरी नवी. बूट सिस्टिमची नवी ओळ जुनीची जागा घेत नाही, ती यादीच्या शेवटी जाऊन बसते, आणि स्विच यादी वरून खाली वाचतो. जुनी इमेज अंतर्गत फ्लॅशमध्ये सुखरूप होती, त्यामुळे स्विचने अगदी सांगितले तेच केले होते. तेव्हापासून आधी 'नो बूट सिस्टिम' देऊन यादी रिकामी करायची, मग नवी इमेज पहिली आणि जुनी दुसरी अशा क्रमाने दोन्ही ओळी लिहायच्या, साठवायचे आणि रीलोडपूर्वी 'शो बूटव्हार' मोठ्याने वाचायचे, असा माझा नियम आहे. मोठ्याने वाचण्याचा भाग गमतीचा वाटेल, पण डोळ्यांना जे दिसत नाही ते कानांना ऐकू येते.

त्याच आज्ञेत कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे बूट कसे व्हायचे ते ठरवणारा आकडा, हेही दिसते आणि तेही वाचावे. हेक्स २१०२ असेल, तर स्विच बूट सिस्टिमच्या ओळी मानतो आणि एनव्हीरॅममधले कॉन्फिगरेशन उचलतो. शेवटचा अंक १ असेल, तर त्या ओळींकडे न पाहता सापडेल ती पहिली इमेज घेतो. शेवटचा अंक शून्य असेल, तर रॉम मॉनिटरवरच थांबतो. हेक्स २१४२ असेल, तर इमेज बरोबर चढते पण स्टार्टअप कॉन्फिगरेशन वाचलेच जात नाही. पासवर्ड विसरला म्हणून कोणी तरी कधी तरी २१४२ लावलेले असते आणि परत २१०२ करायचे राहून गेलेले असते. कपाटात पडून असलेल्या सुटे म्हणून ठेवलेल्या सुपरव्हायझरवर हे हमखास सापडते, आणि मग कार्ड बरोबर, कॉन्फिगरेशन बरोबर, तरीही स्विच कोऱ्या पाटीसारखा समोर येतो.

"सापडेल ती पहिली इमेज" याबद्दल एक शब्द. फॅटमध्ये फाइलींचा क्रम वर्णानुक्रमे नसतो. डिरेक्टरीत जी नोंद आधी, ती फाइल आधी. एखादी फाइल पुसली, की तिची मोकळी झालेली नोंद पुढच्या फाइलीला मिळू शकते. त्यामुळे कार्डावर दोन-तीन इमेज ठेवून "सर्वांत नवी आपोआप उचलली जाईल" अशी आशा धरू नये. नाव स्पष्ट लिहून द्यावे.

चेसिसमध्ये दोन सुपरव्हायझर असतील, तर आणखी एक सापळा आहे. स्टार्टअप कॉन्फिगरेशन आणि बूट व्हेरिएबल सक्रिय सुपरव्हायझरकडून राखीव सुपरव्हायझरकडे आपोआप जातात. इमेजची फाइल मात्र जात नाही. म्हणजे राखीव सुपरव्हायझरला आता डिस्क शून्यवरची अमुक इमेज उचल असा हुकूम मिळालेला असतो आणि त्याच्या स्वतःच्या डिस्क शून्यमध्ये ती इमेज नसते, किंवा कार्डच नसते. हे उघडकीस कधी येते, तर सक्रिय सुपरव्हायझर बंद पडल्यावर, म्हणजे नेमके नको तेव्हा. इमेज स्लेव्ह डिस्क शून्यवरही, म्हणजे राखीव सुपरव्हायझरच्या कार्डावरही, कॉपी करावी आणि तिकडेही तिचा एमडी५ तपासावा.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कार्डासाठी कशाला, इमेज नेटवर्कवरून घ्यावी. चालू स्विचवर तेच सोयीचे आहे, मी नाही म्हणत नाही. पण जो स्विच पडला आहे, तोच कित्येकदा सर्व्हरकडे जाण्याचा रस्ता असतो. शिवाय टीएफटीपीच्या (नेटवर्कवरून फाइल आणण्याच्या साध्या प्रोटोकॉलच्या) जुन्या अंमलबजावणीत ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा आणि ब्लॉक ५१२ बाइटचा असल्यामुळे सुमारे ३२ मेगाबाइटच्या पुढची फाइल अर्ध्यातच अडकते. उरतो तो कन्सोलवरून, म्हणजे स्विचला थेट जोडलेल्या केबलवरून, फाइल पाठवणारा एक्समोडेम. ९६०० बॉडच्या कन्सोलवरून सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. म्हणजे १० मेगाबाइटच्या इमेजला प्रोटोकॉलचा वरखर्च न धरताही तीन तासांहून अधिक लागतात. कन्सोलचा वेग ११५२०० वर नेला, तर तेच काम पाव तासाच्या आसपास येते, पण आजच्या शेकडो मेगाबाइटच्या इमेजला तोही उपाय राहिलेला नाही. एकदा रात्रभर एक्समोडेमची टिंबे मोजत बसलेला माणूस पुढे प्रत्येक चेसिसमध्ये एक तयार कार्ड ठेवतो. मी तसा एक माणूस आहे.

नव्या पिढीच्या स्विचांबद्दल एक इशारा. आयओएस एक्सई ही सिस्कोची नवी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या कॅटॅलिस्ट स्विचांत इमेज दोन प्रकारे चढते. बंडल पद्धतीत एकच मोठी बिन फाइल असते, तर इन्स्टॉल पद्धतीत ती सोडवून तिचे अनेक तुकडे फ्लॅशवर ठेवले जातात आणि पॅकेजेस डॉट कॉन्फ ही लहानशी फाइल कोणते तुकडे चढवायचे ते सांगते. इन्स्टॉल पद्धतीतल्या स्विचवर बूट व्हेरिएबल पॅकेजेस डॉट कॉन्फकडे बोट दाखवते. ती फाइल काही किलोबाइटची, नीट मजकुरात वाचता येणारी. तेवढी एकच कार्डावर उतरवून बॅकअप झाला असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. आणीबाणीच्या यूएसबीवर किंवा कार्डावर नेहमी पूर्ण बिन फाइल ठेवावी. तिच्यावरून बंडल पद्धतीने स्विच उभा करावा आणि मग सावकाश इन्स्टॉल पद्धतीत आणावा.

कार्ड कोणते घ्यावे, यावर थोडेच सांगतो. एसडी मानकात २ गिगाबाइटपर्यंत साधे एसडी, त्यापुढे ३२ पर्यंत एसडीएचसी आणि त्याहून पुढे एसडीएक्ससी. या शेवटच्या जातीवर कारखान्यातूनच एक्सफॅट ही वेगळी फाइल सिस्टिम येते आणि बहुतेक स्विचांच्या बूट लोडरला ते ओळखता येत नाही. मोठे कार्ड घेऊन लाभ काहीच नाही. उत्पादकाने सांगितलेले औद्योगिक दर्जाचे कार्ड महाग वाटते, पण पॅनेलमधली उष्णता सोसण्यासाठी ते बनवलेले असते. कॅमेऱ्यातले कार्ड चालते, काही काळ. एसडी कार्डाच्या कडेला असलेली लेखनबंदीची सरकपट्टी ही कार्डातला पहारेकरी नव्हे. ती पट्टी कोठे आहे हे खाचेतला लहानसा स्विच पाहतो आणि मानायचे की नाही ते यंत्र ठरवते. तरीही कॉन्फिगरेशन कार्डावर जात नाही अशी तक्रार आली, की मी आधी ती पट्टी पाहतो, कारण कार्ड घाईने आत सारताना ती सरकते. कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या खाचेत ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरके घुसवले, तर एखादी वाकते आणि मग दोष कार्डात नसून खाचेत असतो. कार्ड जात नसेल, तर जोर लावू नये; विजेरी घेऊन आत पाहावे.

आता कॉन्फिगरेशनकडे येतो, आणि खरी गुंतागुंत इथे आहे.

औद्योगिक स्विचांत ही सोय मुद्दाम, बदलीच्या कामासाठीच केलेली असते. सिस्कोच्या आयई ३००० मालिकेत कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि आयई २००० व आयई ४००० मालिकांत एसडी कार्ड याच हेतूने दिलेले आहे. सीमेन्सच्या स्कॅलन्स स्विचांत सी-प्लग नावाचा कॉन्फिगरेशनचा प्लग असतो, हिर्शमनचा ऑटोकॉन्फिगरेशन अडॅप्टर असतो आणि मोक्साचा स्वतःचा बॅकअप कॉन्फिगरेटर. हेतू सर्वांचा एक, पण वागणूक वेगवेगळी. सी-प्लग कोरा असेल, तर सुरू होताना स्विच आपले कॉन्फिगरेशन आपण होऊन त्यावर उतरवतो. भरलेला असेल, तर त्यावरचे उचलतो. आणि दुसऱ्या, न जुळणाऱ्या प्रकारच्या उपकरणातून आलेला असेल, तर दोषाचा दिवा लावतो. तो घालणे-काढणे वीज बंद असतानाच करायचे असते. आयई २००० व ४००० मध्ये मात्र अंतर्गत फ्लॅश आणि कार्ड ही दोन स्वतंत्र कोठारे आहेत, आणि सिंक या आज्ञेने एकातला ऐवज दुसऱ्यात उतरवावा लागतो. म्हणजे कॉन्फिगरेशन साठवण्यासाठी तुम्ही जे 'राइट मेमरी' देता, ते नेमके कोणत्या कोठारात जाते, हा प्रश्न इथे उभा राहतो. स्विच अंतर्गत फ्लॅशवरून बूट झालेला असेल आणि तुम्ही वर्षभर बदल साठवत राहिलात, तर खाचेतले कार्ड गेल्या वर्षीचेच राहिलेले असू शकते. तुमच्या योजनेतला सर्वांत मोठा धोका मला हाच दिसतो. खराब कार्ड निदान ओरडते तरी; शिळे कार्ड गुपचूप चढते, आणि दोन व्हीलॅन कमी असल्याचे सकाळी कळते.

म्हणून प्रत्येक बदलानंतर सिंक करणे हा बदलाच्या कामाचाच भाग समजावा आणि कार्डावरच्या कॉन्फिगरेशन फाइलची तारीख डिरेक्टरी काढून पाहावी. अर्थात तारीख विश्वासार्ह असण्यासाठी स्विचचे घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवून) बरोबर ठेवलेले हवे. चेसिसवर आर्काइव्हची सोय वापरता येते: मार्ग डिस्क एकवर दिला आणि राइट मेमरीचा पर्याय लावला, की प्रत्येक वेळी साठवताना एक क्रमांकित प्रत कार्डावर पडते, अशा जास्तीत जास्त १४ प्रती ठेवता येतात. यंत्रणा साधी आहे, विसरत नाही आणि बदलापूर्वीची अवस्था हवी असेल तेव्हा हाताशी असते.

कोणत्या फाइली हव्यात, ते आता पाहू. सिस्कोच्या लहान स्विचांत स्टार्टअप कॉन्फिगरेशन म्हणजे फ्लॅशमधली कॉन्फिग डॉट टेक्स्ट ही फाइल. पण व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचांत वाटणारा प्रोटोकॉल) सर्व्हर अवस्थेत असेल, तर व्हीलॅनच्या व्याख्या त्या फाइलीत नसतातच. त्या व्हीलॅन डॉट डॅटमध्ये असतात. पोर्टवर व्हीलॅन ४० लिहिलेला आहे, पण ४० नावाचा व्हीलॅनच अस्तित्वात नाही, अशी अवस्था त्यातून होते: पोर्टचा दिवा हिरवा, केबल ठीक, आणि रहदारी शून्य. यावर माझा उपाय असा, की कार्डाच्या भरवशावर राहणाऱ्या स्विचांना मी व्हीटीपी ट्रान्सपरंट अवस्थेत ठेवतो, म्हणजे व्हीलॅनच्या ओळी कॉन्फिगरेशनमध्ये उघड दिसतात आणि एका मजकूर फाइलीत सर्व येते. चेसिसवर तर व्हीलॅनचा डेटाबेस वेगळ्याच राखीव स्मृतीत असतो. डिस्क शून्यची प्रत घेऊन तो मिळत नाही.

तिसरी फाइल प्रायव्हेट कॉन्फिग डॉट टेक्स्ट. एसएसएचची आरएसए किल्ली तिच्यात असते. नुसती कॉन्फिग डॉट टेक्स्ट नव्या स्विचवर नेली, तर सगळे चालते, फक्त एसएसएच उघडत नाही, कारण किल्लीच नसते. कन्सोल लावून ती नव्याने तयार करावी लागते. पासवर्ड टाइप ६ म्हणजे एईएसने झाकलेले असतील, तर त्यांची मुख्य किल्लीही कॉन्फिगरेशनच्या मजकुरात दिसत नाही, आणि ती नसलेल्या स्विचवर रेडियसचे (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचे) गुपित नुसते अर्थहीन अक्षरांची माळ ठरते. प्रश्नकर्त्याच्या तंत्रज्ञाकडे रात्री दोन वाजता कन्सोलची केबल आणि एक स्थानिक पासवर्ड असायला हवा, तो यासाठी.

कॉन्फिगरेशन कार्डावरून चालू स्विचवर हाताने चढवायचे असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रनिंग, म्हणजे या क्षणी चालू असलेल्या, कॉन्फिगरेशनवर कॉपी करणे म्हणजे बदलणे नव्हे, मिसळणे होय. आधीच्या ओळी जागेवर राहतात आणि नव्या त्यांत मिळतात. शिवाय चालू असलेल्या इंटरफेसखाली 'नो शटडाउन' ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये छापलीच जात नाही. त्यामुळे कोऱ्या स्विचवरचा व्यवस्थापनाचा व्हीलॅन इंटरफेस आधी बंद असेल, तर तुमच्या फाइलीत पत्ता, मास्क सर्व असूनही तो बंदच राहतो. फाइल स्टार्टअप कॉन्फिगरेशनवर कॉपी करून रीलोड द्यावा किंवा 'कॉन्फिगर रिप्लेस' वापरावे; मिसळत बसू नये. आणि फाइल लॅपटॉपवर तयार केली असेल, तर कॉन्फिग डॉट टेक्स्टच्या शेपटीला आणखी एक डॉट टीएक्सटी चिकटलेले नाही ना, ते पाहावे. लॅपटॉप ते लपवतो, स्विच लपवत नाही.

आता कार्डाबरोबर जे येतच नाही, त्याविषयी. स्विचचा मूळ मॅक पत्ता (कारखान्यातून येणारा हार्डवेअरचा पत्ता) खोक्याचा असतो, कार्डाचा नव्हे. स्पॅनिंग ट्रीमध्ये, म्हणजे नेटवर्कमध्ये रहदारीचे फेरे होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, ब्रिजची (स्विचची) ओळख प्राधान्य आणि मॅक पत्ता मिळून बनते. सर्वत्र प्राधान्य मूळचेच, म्हणजे ३२७६८, ठेवलेले असेल, तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट, म्हणजे त्या झाडाचे मूळ, होतो. एका पॅनेलमधला चार-पाच यंत्रांपुरता स्विच बदलला आणि बदली स्विचचा पत्ता योगायोगाने सर्वांत लहान निघाला, तर साऱ्या नेटवर्कची रहदारी त्या पॅनेलकडे वळू शकते. कार्ड शंभर टक्के बरोबर, आणि तरीही हे घडते. रूट कोण आणि त्याच्या मागे कोण, हे प्राधान्य लिहून ठरवलेलेच हवे. तीच गत शेजारच्या स्विचवरच्या पोर्ट सिक्युरिटीची (ओळखीच्याच मॅक पत्त्यांना आत घेण्याच्या सोयीची): तिथे जुन्या स्विचचा मॅक पत्ता स्टिकी म्हणून चिकटलेला असेल, तर नवा स्विच जोडताक्षणी पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो आपोआप बंद करतो, आणि तंत्रज्ञ बिचारा नव्या स्विचचे कार्ड काढून-घालून पाहत राहतो. अनुक्रमांकाशी बांधलेला परवानाही कार्डावरून येत नाही. एसएसएचची किल्ली नवी असेल, तर तुमचा क्लायंट यजमान बदलल्याचा इशारा देईल. त्या दिवशी तो अपेक्षित आहे, इतर दिवशी नाही.

बदली स्विचचे मॉडेल तेच असावे, हे सांगायला नको. पण "जवळपास तेच" चालत नाही हे सांगायला हवे. फास्ट इथरनेटच्या ओळी गिगाबिटच्या पोर्टांना लागत नाहीत. इमेजची आवृत्ती जुनी असेल, तर नव्या आवृत्तीत लिहिलेल्या काही ओळी बूट होताना कन्सोलवर चूक दाखवून गळून पडतात, आणि कन्सोल कोणी पाहत नसते. त्यानंतर एखाद्याने सद्भावनेने 'राइट मेमरी' दिले, की गळलेल्या ओळी कार्डावरूनही जातात. म्हणून इमेज आणि कॉन्फिगरेशन एकाच कार्डावर एकत्र ठेवण्याची तुमची कल्पना योग्य आहे: दोन्ही एकमेकांना ओळखणारी असली पाहिजेत.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नये. नखाएवढ्या कार्डावर तुमच्या नेटवर्कचा नकाशा असतो: पत्ते, व्हीलॅन, एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलचे कम्युनिटी शब्द (पासवर्डासारखे वापरले जाणारे) आणि टाइप ७ चे पासवर्ड, जे झाकलेले दिसतात पण क्षणात उलगडता येतात. पॅनेलला कुलूप असावे. बाद झालेल्या कार्डावरच्या फाइली पुसून ते देऊन टाकू नये, कारण फॅटमध्ये पुसणे म्हणजे नोंदीवर खूण करणे, मजकूर तसाच राहतो. कार्ड तोडलेले बरे.

यावरून तुमच्या योजनेत मी दोन बदल सुचवतो. डिन रेलच्या स्विचांत कार्ड कायम खाचेतच राहू द्यावे, त्यावर स्विचचे नाव लिहिलेले असावे आणि वर्षातून निदान एकदा, ठरवलेल्या बंदच्या वेळी, प्रत्येक प्रकारच्या एका स्विचचे कार्ड काढून खरोखरच बदली स्विचमध्ये घालून पाहावे. घड्याळ लावावे, कन्सोल जोडून बूट होतानाचा सगळा मजकूर साठवावा आणि त्यात नाकारलेली एकही ओळ नाही ना, ते वाचावे. जुना स्विच त्या वेळी जोडलेला ठेवू नये. एकच पत्ता असलेले दोन स्विच एकाच नेटवर्कवर आले, तर सराव बाजूला राहतो. चेसिसच्या बाबतीत मात्र कार्डबदलीची कल्पना सोडून द्यावी. तिथे कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममध्ये राहू द्यावे, त्याची प्रत आर्काइव्हने डिस्क एकवर आणि नेटवर्कवरील सर्व्हरवर अशी दोन्हीकडे जावी, आणि त्याच डिस्क एकमध्ये, त्याच यंत्रात फॉरमॅट केलेल्या कार्डावर, एकदा प्रत्यक्ष बूट करून पाहिलेली इमेज ठेवावी. बूटच्या यादीत ती सर्वांत शेवटी असावी.